आईच्या दुधाची साठवण

आज मी आपणांशी एका अगदी घरगुती विषयावर चार शब्द बोलणार आहे. विषय घरगुती असला, तरी क्षुल्लक नाही. कारण तान्ह्या मुलाच्या प्रकृतीशी त्याचा थेट संबंध आहे.

गेल्या वर्षी आमच्या शाळेतील एक तरुण शिक्षिका बाळंतपणाची रजा संपवून पुन्हा कामावर आल्या. निपाणीहून रोज सकाळी बसने यावे, दिवसभर वर्ग घ्यावेत आणि दिवेलागणीला घरी पोहोचावे, असा त्यांचा क्रम. मधल्या सुट्टीत त्या शेजारच्या खोलीत जात आणि ओल्या डोळ्यांनी बाहेर येत. एके दिवशी मी विचारले, तेव्हा म्हणाल्या, "बाई, छाती भरून येते, दुखते, म्हणून दूध काढून मोरीत टाकते. घरी बाळ मात्र डब्यातल्या पावडरीवर आहे." मी म्हटले, "मग ते दूध घरी का नेत नाही?" त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिले. "संध्याकाळपर्यंत शिळे झालेले दूध बाळाला कसे पाजायचे?"

त्यांना हसण्याचा अधिकार मला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी माझी रजा संपली, तेव्हा मी दूध काढून घरी ठेवीत असे. पुढे त्याचे काय करायचे, हे मात्र मी कोणालाच सांगितले नव्हते, कारण मलाच ते ठाऊक नव्हते. माझ्या सासूबाई ते मायेने गॅसवर उकळीत. बाळाने अर्धे टाकले, तर उरलेले झाकून ठेवीत आणि दुपारी पुन्हा तापवून पाजीत. मुलाला जुलाब सुरू झाले आणि दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. डॉक्टरांनी सारे विचारून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "उरलेले दूध ठेवायचे नसते, आणि हे दूध उकळायचेही नसते." सासूबाईंचा त्यात काय दोष? गवळ्याच्या दुधाला जो न्याय, तोच त्यांनी आईच्या दुधाला लावला.

आजच्या भाषणाचा सारा मथितार्थ येथेच आहे. गवळ्याचे दूध कासेतून भांड्यात, भांड्यातून किटलीत, किटलीतून आपल्या पातेल्यात, असे अनेक हातांतून येते. त्यातील जंतू मरावेत, म्हणून आपण ते उकळतो, आणि ते योग्यच आहे. आईचे दूध तिच्याच अंगातून तिच्याच मुलासाठी येते. आईच्या शरीराने ज्या रोगांशी सामना केला, त्यांच्याशी झुंजणारी द्रव्ये त्या दुधात असतात. जिवंत पेशी असतात, पचनाला मदत करणारी द्रव्ये असतात. उकळी आली की यांतील बरेचसे नष्ट होते. या दुधाचे रक्षण विस्तवाने होत नाही. ते स्वच्छतेने, थंडाव्याने आणि घड्याळाने होते.

काढून ठेवलेल्या दुधाची योग्यता आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाली, ती मुंबईत. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशिया खंडातील पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या, वजनाने कमी असलेल्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकले नाही, तर दुसऱ्या मातांनी दिलेले दूध त्यांना मिळावे, हा तिचा हेतू. आता कोणी विचारील, की पेढीत तर दूध तापवतात! होय, तापवतात. पण ते दूध परक्या मातेचे असते. म्हणून आधी त्या मातेची तपासणी होते, आणि मग ते ६२.५ अंश सेल्सिअस उष्णतेत ३० मिनिटे ठेवून लगेच थंड केले जाते व उणे २० अंशांत गोठवून ठेवले जाते. तेथेही उकळी येऊ देत नाहीत. स्वतःच्या आईचे दूध स्वतःच्या बाळाला देताना तर तेवढेही तापवण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. दूध काढण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. निपाणीच्या परिसरात हे विशेष आग्रहाने सांगावे लागते. तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्याच्या कामावर आपल्या कितीतरी भगिनी राबतात. तंबाखूतील निकोटीन कातडीतून अंगात शिरते आणि दुधातही उतरते. त्यांनी कामावरून आल्यावर हात कोपरापर्यंत धुवावेत, लुगडे बदलावे आणि मगच बाळाला घ्यावे किंवा दूध काढावे. मशेरी लावण्याची सवय असेल, तर ती सोडणेच बरे. मात्र या भीतीने अंगावर पाजणे बंद करू नये.

दूध हाताने काढावे किंवा पंपाने, दोन्ही चालते. भांडे झाकणाचे असावे, काचेचे किंवा स्टीलचे. ते साबणाने धुऊन पाण्यात उकळून घ्यावे. येथे उकळायचे ते भांडे, दूध नव्हे! एका भांड्यात ६० ते १२० मिलिलिटर एवढेच दूध ठेवावे, म्हणजे एका वेळचे एकदा काढता येते आणि वाया जात नाही. भांड्यावर तारीख व वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, आणि आधीचे दूध आधी वापरावे. नुकतेच काढलेले कोमट दूध आधीच्या थंड दुधात ओतू नये. ते वेगळे थंड करून मग मिसळावे.

हे दूध किती वेळ टिकते? खोलीतील उष्णता २५ अंशांपर्यंत असेल, तर चार तास. बेळगावच्या पावसाळ्यात आणि थंडीत हा हिशेब जमतो. पण एप्रिल-मे महिन्यांत घर तापलेले असते. तेव्हा चार तासांवर विसंबू नये, दूध लवकर वापरावे किंवा लगेच थंडाव्यात ठेवावे. माठाशेजारच्या गारव्याला फ्रिज समजू नये. फ्रिजमध्ये चार अंशांना दूध चार दिवसांपर्यंत चालते. ते दारातील कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडले की तेथे ऊब येते. आत मागच्या बाजूला ठेवावे. जेथे वीज वरचेवर जाते, तेथे चोवीस तासांत संपवणे शहाणपणाचे. वीज गेली, तर दार उघडू नये. बंद फ्रिजमध्ये थंडावा सुमारे चार तास राहतो. एका दाराच्या फ्रिजमधील बर्फाच्या कप्प्यात दूध फार तर दोन आठवडे ठेवावे. स्वतंत्र दार असलेल्या, उणे १८ अंश थंडी राखणाऱ्या कप्प्यात ते सहा महिन्यांपर्यंत उत्तम राहते. गोठताना दूध फुगते, म्हणून भांडे काठोकाठ भरू नये.

कामावरून दूध घरी नेण्यासाठी बर्फाची पेटी वापरावी. तीत गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्यांना भांडी चिकटून राहिली, तर दूध चोवीस तासांपर्यंत सुरक्षित राहते.

गोठलेले दूध वितळवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे आदल्या रात्री ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवणे. पूर्ण वितळल्यापासून चोवीस तासांत ते वापरावे. घाई असेल, तर बंद भांडे नळाच्या पाण्याखाली, मग कोमट पाण्यात धरावे. बाहेर वितळून खोलीइतके ऊबदार झालेले दूध दोन तासांत संपवावे. एकदा वितळलेले दूध पुन्हा गोठवू नये.

कोमट करण्याची रीत तर अगदी सोपी आहे. एका पातेल्यात गरम पाणी घ्यावे, ते विस्तवावरून खाली उतरवावे आणि त्यात दुधाचे बंद भांडे काही मिनिटे ठेवावे. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये; दूध कोठे थंड तर कोठे कढत होते, आणि बाळाचे तोंड भाजते. मनगटाच्या आतल्या बाजूवर दोन थेंब टाकून पाहावेत. ऊन किंवा गार काहीच जाणवले नाही, तर ते बरोबर. निरोगी बाळाला खोलीइतके थंड दूध दिले, तरी हरकत नाही.

ठेवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो. पुष्कळ माता ते नासले, असे समजून ओतून देतात. तो केवळ स्निग्धांश असतो. भांडे हलकेच गोल फिरवले की मिसळून जातो. गोठवून वितळलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो. त्यानेही अपाय नाही. आंबट वास मात्र वेगळा. तसे दूध टाकावे.

पाजताना वाटी-चमचा बरा. बोंडले वापरण्याची जुनी रीत असेल, तर त्याची चोच आतून नीट घासावी. दुधाचा अंश तेथेच अडकतो. बाळाच्या तोंडाला लागलेले दूध दोन तासांपलीकडे ठेवू नये, कारण त्यात लाळेतून जंतू जातात. आईचे दूध टाकवत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच एका वेळी थोडेच कोमट करावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल, तर या मुदती त्याला लागू नाहीत. डॉक्टर सांगतील तसेच करावे.

१९६१ साली मातृत्व लाभाचा कायदा झाला आणि २०१७ साली पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पण शेतात, वखारीत किंवा घरी विड्या वळणाऱ्या पुष्कळजणींपर्यंत ती पोहोचत नाही. त्यांच्या बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध मिळायचे, तर काढून ठेवण्याची ही विद्या घरातील आजीला, आत्याला आणि वडिलांनाही यावयास हवी.

आमच्या त्या शिक्षिकांनी पुढे बर्फाची एक लहान पेटी घेतली. शिक्षकांच्या खोलीला पडदा लागला. त्यांच्या सासूबाईंना मी स्वतः जाऊन, गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून दाखवली. त्या हसून म्हणाल्या, "एवढेच होय? मग इतके दिवस मोरीत का गेले?" या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. आपल्या घरी ते दूध मोरीत जाऊ नये, एवढ्याचसाठी आज बोलले.