उसळ वेगळी, तरी वेगळी

बडोद्यात सेव-उसळीच्या गाडीवर उभं राहिलं की उसळ येते वाटीत आणि लाल तरी येते वेगळी. ती किती ओतायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. पोट भरतं उसळीने, तरीने जिभेला चव येते. निवृत्तीनंतर तेल कंपन्यांच्या लाभांशाकडे बघताना ही वाटी डोळ्यांसमोर ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. या शहरात रिफायनरी, ओएनजीसी, आयपीसीएल नाहीतर जीएसएफसी इथून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या डीमॅट खात्यातही तेलच भरलेलं असतं. कच्चं तेल घसरलं की बागेतल्या बाकावर एकच विषय निघतो: यंदा डिव्हिडंड किती?

त्या प्रश्नाभोवतीच्या काही चटकदार गोष्टी आज सांगतो. काही गमतीच्या आहेत, काही डोळे उघडणाऱ्या.

पगार तेलाचा, चूलही तेलाची

१९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं आणि तिथल्या पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी नाव दिलं ‘वसुधारा’. ते तेल शुद्ध करायला सोव्हिएत मदतीने कोयलीची रिफायनरी उभी राहिली. १९६५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिची क्षमता वर्षाला २० लाख टन होती, पुढे ती १ कोटी ३७ लाख टनांपर्यंत गेली. १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. १९७२ पासून तर बडोद्याच्या स्वयंपाकघरांत नळाने गॅस येऊ लागला. देशातल्या फार थोड्या शहरांना तेव्हा ही सोय होती.

अभिमान वाटावा असाच हा इतिहास आहे, पण पैशाच्या हिशेबात त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. समजा, वडिलांची नोकरी रिफायनरीत झाली, मुलगा नंदेसरीच्या रसायन कारखान्यात आहे, भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये तेल कंपनीचाच कर्मचारी राहतो आणि बचत आहे तेल कंपन्यांच्या शेअरमध्ये. म्हणजे चारही नळ एकाच टाकीला जोडलेले. टाकीची पातळी खाली गेली की चारही एकदम बारीक होतात. पुण्या-नाशिकच्या गुंतवणूकदारापेक्षा बडोदेकराने तेलाचे शेअर कमी ठेवावेत, जास्त नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखीची कंपनी म्हणजे सुरक्षित कंपनी, असं होत नाही.

तीन, बारा, तीन

इंडियन ऑइलचे हजार शेअर तुमच्याकडे आहेत असं धरू. २०२२-२३ या वर्षासाठी कंपनीने शेअरमागे ३ रुपये दिले. पुढच्या वर्षी १२ रुपये. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२४-२५ साठी, पुन्हा ३ रुपये. म्हणजे तुमच्या खात्यात आले आधी ३ हजार, मग १२ हजार, मग परत ३ हजार. शेअर तेवढेच, कंपनी तीच, कोयलीच्या चिमण्याही त्याच.

हिच्या लेकीची गोष्ट आणखी भन्नाट आहे. इंडियन ऑइलचीच उपकंपनी असलेल्या चेन्नई पेट्रोलियमने २०२१-२२ साठी शेअरमागे २ रुपये दिले, मग २७, मग ५५ आणि मग थेट ५. पंचावन्नच्या वर्षी ज्यांनी त्या भरवशावर घरखर्च बांधला असेल, त्यांची पुढच्या वर्षी केवढी ओढाताण झाली असेल!

कंपनीने काही लपवलेलं नसतं. इंडियन ऑइलचा नफा २०२२-२३ मध्ये ८,२४२ कोटी होता आणि पुढच्या वर्षी ३९,६१९ कोटी. सरकारी कंपन्यांसाठी २०१६ मध्ये केंद्राने नियमच घालून दिला: करोत्तर नफ्याच्या किमान ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा लाभांश द्या. २०२४ च्या नोव्हेंबरात ५ चे ४ टक्के झाले. लाभांशाची दोरी अशी नफ्याला बांधलेली, आणि नफ्याची दोरी कच्च्या तेलाला.

एकच पिंप, दोन नशिबं

‘तेल उतरलं की तेल कंपन्या बुडतात’ हे वाक्य बाकावर हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे.

ओएनजीसी तेल काढून विकते. भाव पडला की तिचं उत्पन्न पडतं. इंडियन ऑइल, एचपीसीएल, बीपीसीएल तेल विकत घेऊन शुद्ध करतात आणि पेट्रोल-डिझेल विकतात. भाव झपाट्याने पडला तर महागात घेतलेला साठा स्वस्त होऊन त्यांना आधी फटका बसतो. पण नंतर कच्चा माल स्वस्त मिळतो आणि पंपावरचा भाव तसाच राहिला, तर त्यांचा नफा फुगतो. भाव चढला आणि पंपावरचा भाव वाढला नाही, तर याच कंपन्या होरपळतात.

२०२२-२३ मध्ये नेमकं हेच झालं. युक्रेन युद्धामुळे कच्चं तेल भडकलं, पंपावरचे भाव मात्र गोठलेले राहिले. त्या वर्षी ओएनजीसीने शेअरमागे सव्वाअकरा रुपये लाभांश दिला आणि एचपीसीएलने शून्य. यातली गंमत अशी की २०१८ पासून एचपीसीएल ही ओएनजीसीचीच उपकंपनी आहे. आईच्या घरी दिवाळी आणि लेकीच्या घरी चूल थंड! पुढच्या वर्षी लेकीने एकूण साडेएकतीस रुपये वाटले.

आईचीही चैन निर्वेध नव्हती. १ जुलै २०२२ पासून सरकारने देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा जादा कर बसवला. पुढे तो वरखाली होत राहिला आणि २०२४ च्या डिसेंबरात रद्द झाला. दोन्ही कंपन्यांचा गाडा शेवटी दिल्लीच्या निर्णयांवर चालतो, त्यामुळे दोन्हींचे शेअर घेतले म्हणजे जोखीम विभागली, असं मी तरी म्हणणार नाही.

तेल घ्या, वर पैसेही घ्या

२० एप्रिल २०२०. टाळेबंदीमुळे जगभर गाड्या उभ्या, अमेरिकेत तेल साठवायला टाक्या उरल्या नाहीत, आणि मे महिन्याच्या वायद्याचा भाव पिंपामागे उणे ३७.६३ डॉलर झाला. म्हणजे विकणाराच घेणाऱ्याला पैसे देत होता! आपल्या एमसीएक्स या वायदेबाजारात एप्रिलच्या वायद्याची मिटवणी उणे २,८८४ रुपयांनी झाली.

त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्च या तिमाहीत इंडियन ऑइलला ५,१८५ कोटींचा तोटा झाला. ओएनजीसीला ३,०९८ कोटींचा तोटा झाला आणि तिच्या इतिहासातला तो पहिलाच तिमाही तोटा होता. ओएनजीसीचा लाभांश २०१८-१९ मध्ये शेअरमागे ७ रुपये होता. तो ५ वर आला, मग ३ रुपये ६० पैशांवर, आणि २०२१-२२ मध्ये एकदम साडेदहा. घसरणीच्या दोन वर्षांत ज्यांना खर्चासाठी शेअर विकावे लागले नाहीत, त्यांनाच तो साडेदहाचा आकडा बघायला मिळाला.

परदेशातही तीच तऱ्हा. शेलने दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच लाभांश कापला: तिमाहीला ४७ सेंट होते, ते १६ झाले. ब्रिटनच्या बीपीने निम्मा केला.

मग कुणी म्हणेल, तेल नको, बँक बरी. बँक ऑफ बडोदा, २० जुलै १९०८ ची, महाराजा सयाजीरावांनी स्थापन केलेली, यापेक्षा घरचं काय असणार? पण २०२० च्या एप्रिलमध्येच रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना त्या वर्षाचा लाभांश वाटायला मनाई केली. तेल आणि बँक, दोन्ही एकाच उन्हाळ्यात आटले.

जायपत्री घ्या, मिरी घ्या

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१० मध्ये भागधारकांना लाभांश दिला तो रोख नव्हे, जायपत्रीत! त्यानंतर मिरीचीही पाळी आली. कंपनीकडे मसाला भरपूर होता, रोकड कमी. चारशे वर्षांत एवढी सुधारणा झाली की पैसे थेट बँकेत जमा होतात. पण किती आणि केव्हा, हे तेव्हाही कंपनी ठरवत होती आणि आजही तीच ठरवते.

२१० टक्के ऐकून हुरळू नका

‘कंपनीने २१० टक्के लाभांश जाहीर केला’ अशी बातमी वाचली की छाती फुगते. हे टक्के दर्शनी किमतीवर असतात, बाजारभावावर नव्हे. ओएनजीसीच्या शेअरची दर्शनी किंमत ५ रुपये. साडेदहा रुपये म्हणजेच २१० टक्के. तुम्ही शेअर ज्या भावाला घेतला त्यावर काय पडलं, तेच तुमचं उत्पन्न.

याचा चुलतभाऊ जास्त धोक्याचा. शेअर १२० रुपयांना आणि लाभांश १२, म्हणजे परतावा १० टक्के. मंदीत शेअर ८० वर आला की तोच परतावा १५ टक्के दिसू लागतो, आणि मोबाइलवरच्या याद्यांत तो शेअर सर्वात वर जाऊन बसतो. पण हे १२ रुपये गेल्या वर्षीचे आहेत. बाजाराने भाव पाडला तो पुढच्या वर्षी ३ च मिळतील या अंदाजाने. मंदीच्या काळात सर्वात आकर्षक आकडा हाच सर्वात फसवा असतो.

गायकवाडी वर्षासन आणि आजचं

मराठी राज्यांत शास्त्री-पंडितांना ‘वर्षासन’ मिळे. वर्षाला ठरलेली रक्कम, दरबाराने शब्द दिलेली. आपल्या जुन्या घरांत लाभांशालाही लोक नकळत वर्षासनच समजतात. लाभांश हा शब्द दिलेला पैसा नव्हे. उरलं तर वाटलं, असा तो पैसा आहे.

आजच्या काळातलं वर्षासनाच्या जवळ जाणारं काय असेल, तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना. २००४ मध्ये सुरू झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिची मर्यादा ३० लाख झाली आणि व्याजदर ८.२ टक्के. त्या दराने ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. खाते उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही, मग पिंप उणे असो की शंभरीपार. व्याज करपात्र आहे आणि महागाईबरोबर वाढत नाही, हे तिचे दोष. म्हणून लाभांशाची थोडी तरी हवीच, पण उसळ ही.

माझा हिशेब साधा आहे. दूध, औषधं, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स हे पेन्शन आणि व्याजातून. लाभांश घरखर्चात धरायचाच झाला, तर मागच्या पाच वर्षांतला सर्वात कमी आकडा धरा. इंडियन ऑइलच्या हजार शेअरना ३ हजार धरा, १२ हजार नव्हे. भरपूर आलं त्या वर्षी वरचे ९ हजार वेगळ्या मुदत ठेवीत टाका, कोरड्या वर्षी तेच कामी येतील. दोन वर्षांचा घरखर्च बाजाराबाहेर असला की पडत्या भावात शेअर विकायची पाळी येत नाही.

तारखांचंही भान ठेवा. अंतिम लाभांशाला वार्षिक सभेची मंजुरी लागते, आणि मंजुरीनंतर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. सभा बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात होतात, त्यामुळे पैसे गणपती-नवरात्राच्या सुमाराला येतात. दूधवाला मात्र दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येतो.

कर? १ एप्रिल २०२० पूर्वी लाभांशावरचा कर कंपनीच भरत असे. आता तो तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या दराने लागतो. एका कंपनीकडून वर्षात १० हजारांवर लाभांश आला तर १० टक्के आधीच कापले जातात. ही मर्यादा २०२५ च्या एप्रिलपर्यंत ५ हजार होती. ज्यांना करच लागू होत नाही त्यांनी वेळेवर घोषणापत्र द्यावं, नाहीतर परताव्याची वाट बघत बसावं लागतं.

लोखंडी कपाटातला खजिना

शेवटची गोष्ट फक्त बडोद्याचीच, आणि मला ती सर्वात महत्त्वाची वाटते. आयपीसीएलमधला २६ टक्के हिस्सा सरकारने २००२ मध्ये रिलायन्सला १,४९१ कोटींना विकला. २००७ मध्ये कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली, आणि आयपीसीएलच्या ५ शेअरमागे रिलायन्सचा १ शेअर मिळाला. रिलायन्सने २००९, २०१७ आणि २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. आयपीसीएलच्या १०० शेअरचे झाले २०, त्यांचे ४०, मग ८०, मग १६०. शिवाय २०२३ मध्ये जिओ फायनान्शियलचे ८० शेअर आले ते निराळेच.

पण लाभांश सलग ७ वर्षं घेतला नाही, तर तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतात. ते बुडत नाहीत. खऱ्या मालकाला किंवा वारसाला अर्ज करून परत मिळतात. कागदी शेअर मात्र १ एप्रिल २०१९ पासून डीमॅट केल्याशिवाय विकता येत नाहीत, आणि १ एप्रिल २०२४ पासून पॅन-केवायसी पूर्ण नसलेल्या कागदी शेअरचा लाभांशही अडकून राहतो.

तेव्हा या रविवारी आजोबांचं लोखंडी कपाट उघडा. जुन्या पासबुकांच्या खाली, एखाद्या पिवळ्या पाकिटात, आयपीसीएलचं सर्टिफिकेट आहे का ते बघा. आणि आजी हयात असतील तर ते कपाट त्यांच्यासोबत बसूनच उघडा. कोणता कागद कुठे ठेवलाय, हे त्यांनाच ठाऊक असतं.