यंत्राचे घड्याळ कोणत्या गावचे?

काही वर्षांपूर्वी एका अर्जदाराची तक्रार माझ्यापुढे आली. अर्ज स्वीकारण्याची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. हे गृहस्थ सकाळी अकरा वाजता अर्ज देऊन गेले. परंतु संगणकाने छापलेल्या पोचपावतीवर वेळ उमटली ती दुपारी साडेचारची! कारकून म्हणे, यंत्र खोटे बोलत नाही. अर्जदार म्हणत, मीही बोलत नाही. चौकशीअंती दिसून आले की, दोघांचेही म्हणणे खरे होते.

संगणक बंद असला तरी त्याच्या पोटात एक लहानसे घड्याळ चालूच असते. नाण्याच्या आकाराच्या बॅटरीवर ते चालते. त्यातील क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की एक उरतो; तोच एक सेकंद. हे घड्याळ तारीख जाणते, तास-मिनिटेही जाणते. परंतु ही वेळ मुंबईची की लंडनची, हे मात्र त्याला ठाऊक नसते.

संगणक सुरू होताच त्याचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम हे घड्याळ वाचते आणि पुढे स्वतःची मोजणी करू लागते. आणि येथेच दोन परंपरा भिन्न होतात. विंडोज मानते की घड्याळात स्थानिक वेळ आहे. जुन्या डॉसपासून चालत आलेली ही रीत. लिनक्स सामान्यतः मानते की घड्याळात जागतिक प्रमाणवेळ आहे. ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, जागतिक वेळेप्रमाणे, सेकंद मोजीत राहते, आणि आपल्याला वेळ दाखविताना तेवढी तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करते.

आमच्या त्या यंत्रावर या दोन्ही प्रणाली नांदत होत्या. विंडोजने घड्याळ भारतीय वेळेवर लावून ठेवले होते. त्या दिवशी कोणी लिनक्स सुरू केले. तिने घड्याळातील अकरा हे जागतिक वेळेचे समजून त्यांत आपले साडेपाच तास मिळविले, झाले साडेचार! यंत्र इंटरनेटला जोडलेले नव्हते. अन्यथा बाहेरून वेळ विचारून त्याने आपली चूक सुधारली असती.

मग यांतील बरी रीत कोणती? माझ्या मते, आत जागतिक वेळ ठेवावी आणि दर्शनी स्थानिक दाखवावी. कारण स्थानिक वेळ ही सूर्यापेक्षा सरकारी निर्णयावर अधिक अवलंबून असते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. पण तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत त्या शहरात टिकून होती. सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत, युद्धामुळे, देशातील घड्याळे एक तास पुढे होती. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे करून शरदात मागे घेतात, तेथे वर्षातून एकदा तोच तास दोनदा येतो. त्या रात्री 'दीड वाजता' असे लिहिले तर कोणता दीड समजावा? सेकंदांची अखंड मोजणी असली तर हा घोटाळा उद्भवत नाही. वेळांच्या अशा बदलांची एक जागतिक नोंदवही संगणक जवळ बाळगतात. तीत आपले नाव 'एशिया/कोलकाता' असे आहे, आणि युद्धकाळातील तो जादा तासही तीत नमूद आहे.

आम्ही त्या यंत्रावरील दोन्ही प्रणालींना जागतिक वेळच मानावयास लावले, आणि अर्ज मुदतीत आल्याचे मान्य केले. परंतु तो अर्जदार चिकाटीचा होता म्हणून हे घडले. दुसरा कोणी पावतीवरील आकडा पाहून मुकाट्याने परत गेला असता, आणि त्याची चूक नसताना त्याचा हक्क बुडाला असता. म्हणून वेळ नोंदविणाऱ्या प्रत्येकाने, मग तो माणूस असो वा यंत्र, एवढे पथ्य पाळावे: किती वाजले हे लिहावे, आणि कोठले वाजले हेही लिहावे.