तपासणी सुनेची, आणि मुलाची?

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मुख्य गाभाऱ्याशेजारी हारिती आणि पांचिक यांचे छोटे दालन आहे. बौद्ध परंपरेत हारिती ही मुलांची रक्षणकर्ती व अपत्यदात्री मानली जाते. तिच्या मांडीवर मूल आहे, आसनाखालच्या पट्टीत मुलांची शाळा भरली आहे आणि छडी घेतलेले गुरुजीही तेथे आहेत. आपल्या परंपरेतही ही आस जुनीच. अंतगडसूत्रातील सुलसेने मृत बालकांचे दुःख सोसले आणि हरिणैगमेषीची आराधना केली. वेरूळच्या जैन लेण्यांत आम्रवृक्षाखाली बसलेली अंबिका मातृरूपातच भेटते.

परंतु अजिंठ्याच्या त्या दालनात हारिती एकटी बसलेली नाही. पांचिक तिच्या शेजारी आहे. आपल्या घरांत मात्र पाळणा हलला नाही की सून एकटी दवाखान्याच्या पायऱ्या चढते, आणि मुलगा पेढीवर बसलेला असतो. वस्तुतः वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीच्या दोषासह, आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अंदाजानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते.

एक वर्ष नियमित सहवास असून, कोणतेही संततिनियमन न करता गर्भ राहिला नाही, तर दोघांनीही तपासणी करावी. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांपेक्षा अधिक थांबू नये. पाळी अनियमित असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, तर तेवढीही वाट पाहण्याचे कारण नाही.

पाळीत बाजूला बसण्याची रीत पाळणाऱ्या घरांत सुनेच्या तारखा सर्वांना ठाऊक असतात. पण दोन-दोन महिने पाळी आलीच नाही, हे कोणी मनावर घेत नाही. एकवीस दिवसांच्या आत किंवा पस्तीस दिवसांनंतर येणारी पाळी, चेहऱ्यावरील राठ केस, वाढते वजन ही बीजांड वेळेवर तयार होत नसल्याची लक्षणे असू शकतात. थायरॉईडच्या विकारानेही असे घडते. दर महिन्याला वाढत जाणारी, अंथरुणाला खिळवणारी वेदना ही ‘बायकांची जात, सोसायचेच’ म्हणून सोडून देऊ नये. तो गर्भाशयाच्या अस्तराचा विकार असू शकतो. दीर्घ तपश्चर्येने वजन फार उतरले तर पाळी थांबू शकते. अपत्याची इच्छा असणाऱ्या सुनेने मोठे तप आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

क्षयरोगाविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. हा क्षय खोकला नसतानाही असू शकतो. मुलीला लहानपणी क्षय झाला होता, हे लग्न जमवताना लपवले जाते आणि पुढे डॉक्टरांपासूनही लपवले जाते. निदान डॉक्टरांना तरी ते सांगितलेच पाहिजे.

पुरुषांत बहुधा बाहेरून काहीच दिसत नाही. दांपत्यसुख निर्वेध असले म्हणजे वीर्यही निर्दोष असते, हा समज चुकीचा आहे. वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोषाला आलेली सूज, तेथील फुगलेल्या शिरा, लहानपणी खाली न उतरलेला अंडकोष, मधुमेह, तंबाखू-गुटखा यांचा परिणाम होऊ शकतो. व्यायामशाळेतील तरुण पीळदार देहासाठी जी पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शने घेतात, त्यांनी तर शुक्रजंतूंची निर्मितीच थांबू शकते.

म्हणून वीर्यतपासणी पहिल्याच टप्प्यावर व्हावी. ती स्वस्त आहे व तिच्यात इजा काहीच नाही. सुनेच्या गर्भनलिकांची तपासणी त्या मानाने कितीतरी त्रासाची. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावा. तो तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. तेव्हा अजिंठा-सिल्लोडकडील मंडळींनी घरून नेण्यापेक्षा प्रयोगशाळेतच देणे बरे. एका अहवालावर निष्कर्ष काढू नये. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, त्यामुळे व्यसन आज सोडले तरी फरक तीन महिन्यांनी दिसतो.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे घाटीत, स्त्रीरोग विभाग आहे; तेथूनही आरंभ करता येतो. पुढे टेस्ट ट्यूब बेबीचा विचार झालाच, तर 2021 च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी आवश्यक आहे. पेढीवर आपण पावतीशिवाय माल घेत नाही. येथेही नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? या कायद्याने उपचारासाठी स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 असे ठरवले आहे.

उरलेल्या भ्रूणांचे काय होणार, हा अहिंसेला मानणाऱ्या कुटुंबाला पडणारा रास्त प्रश्न आहे. तो संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारावा. मोजकीच बीजांडे फलित करा, असे डॉक्टरांना सांगता येते. त्याने यशाची शक्यता किती घटेल, हेही त्याच बैठकीत समजून घ्यावे, आणि त्या बैठकीला पती-पत्नी दोघांनी हजर असावे.