उकार चुकला की गिऱ्हाईक चुकलं!

ऑनलाइन दुकान टाकलंय, माल भारी आहे, फोटोही झक्कास आलेत. तरी ऑर्डर येत नाही? मग गिऱ्हाईक सर्चमध्ये नेमकं काय टाइप करतंय, ते एकदा बघाच.

गुगलवर 'भातुकली' टाका. इवलीशी चूल, पातेली, पाटा-वरवंटा असं सगळं समोर येईल. आता त्यातला उकार 'त'वरून उचलून 'क'ला द्या. झालं 'भातकुली', म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव! एक उकार सरकला आणि खेळण्यांच्या दुकानातून तुम्ही थेट तहसीलसमोर. सर्च इंजिनला तुमच्या मनातलं कळत नाही, त्याला दिसतात ते फक्त शब्द. आणि हस्तकलेच्या ऑनलाइन दुकानाचा अर्धा धंदा त्या शब्दांवरच चालतो.

एक बैल, दोन गिऱ्हाइकं

समजा, तुम्ही सुट्टीत लाकडी बैल रंगवून विकताय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं हे बैल सजवून घरोघरी नेतात, तो तान्हा पोळा. विदर्भात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तुम्ही नाव देता, 'तान्हा पोळा नंदी'. पुण्यात नोकरीला गेलेली वऱ्हाडी ताई लेकरासाठी नेमकं हेच शोधणार. पण चेन्नईतल्या माणसाला पोळाच माहीत नाही. त्याला टेबलावर ठेवायला छानसा बैल हवाय, म्हणून तो इंग्रजीत 'वुडन बुल शोपीस' टाइप करतो. त्याला तुमचा माल दिसणारच नाही.

म्हणून एकाच वस्तूसाठी तीन प्रकारचे शब्द लिहून काढा. पहिला प्रकार वस्तूचा: ती काय आहे, कशाची आहे, केवढी आहे. दुसरा प्रसंगाचा: पोळा, बारसं, गृहप्रवेश, भेटवस्तू. तिसरा मुलखाचा आणि कलेचा: विदर्भ, हातानं रंगवलेलं. नुसतं 'खेळणं' टाकलंत तर लाखोंच्या गर्दीत हरवाल. 'एक वर्षाच्या बाळासाठी लाकडी बैल' असं टाकलंत तर शोधणारे कमी असतील, पण जो येईल तो घ्यायलाच आलेला असेल.

आणि घोटाळ्याच्या शब्दांपासून सांभाळून! बांबूचं सूप विकताना रोमन लिपीत नुसतं 'सूप' लिहिलंत, तर शेजारी टोमॅटोचं सूप येऊन बसेल. तेच 'छठ पूजेचं बांबूचं सूप' म्हणालात, की बिहारी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास बरोबर तुमच्या दारात. कोकणात सूप लागतं गौरीच्या ओवशाला. वस्तू तीच, पण हंगाम वेगळा आणि शब्दही वेगळा.

शब्द सापडतात कुठं?

गुगलच्या किंवा शॉपिंग ॲपच्या खिडकीत अर्धाच शब्द टाका आणि थांबा. खाली ज्या सूचना येतात, त्या लोकांनीच शोधलेल्या गोष्टींवरून येतात. गुगल ट्रेंड्स फुकट आहे. कुठला शब्द कोणत्या महिन्यात, कोणत्या राज्यात चालतो हे तिथं दिसतं. पोळ्याचा माल पोळ्याच्या आदल्या आठवड्यात टाकून उपयोग नाही. सर्चमध्ये वर यायला आणि पार्सल पोचायला वेळ लागतो. आणि सगळ्यात सोपं: दोस्तांना फोटो दाखवा अन् विचारा, "हे शोधाचं असलं तर तू काय टाकशील बे?" उत्तरं लिहून घ्या. आपण 'डोळा'ला 'डोया' म्हणतो, तसं प्रत्येकाचं स्पेलिंगही वेगळंच असतं.

जागा मोजूनमापून वापरा

एट्सीवर एका वस्तूला 13 टॅग मिळतात, प्रत्येक टॅग जास्तीत जास्त 20 अक्षरांचा. इंग्रजीत 'वुडन बुल फिगरिन' लिहिलं तर मधल्या जागा धरून बरोब्बर 20 होतात. तेराही टॅग भरा. 'वुडन', 'बुल' असे सुटे शब्द टाकून जागा वाया घालवू नका. तिथं वस्तूचा विभाग, रंग यांची माहिती भरली की तीही टॅगसारखंच काम करते, म्हणून तेच शब्द परत नकोत. आणि महिन्याला एकदा दुकानाचे आकडे उघडा. लोक कोणत्या शब्दावरून आले ते तिथं कळतं. जो शब्द कोणालाच आणत नाही तो काढा, नवा लावून बघा.

नाव चोरू नका, नाव सोडू नका

सर्चमध्ये वर येण्यासाठी छापील कापडाला 'पैठणी' किंवा मशीनवर छापलेल्या चित्राला 'हाताची वारली' म्हणायचा मोह होतो. ती गिऱ्हाइकाची फसवणूक आहेच, शिवाय या नावांना भौगोलिक मानांकनाचं कायदेशीर संरक्षण आहे.

नाव गाळलं तर काय होतं, तेही बघा. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं हुबेहूब कोल्हापुरी दिसणाऱ्या चपला दाखवल्या, पण नाव दिलं चामड्याच्या सँडलचं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या कारागिरांकडे 2019 पासून या चपलेचं मानांकन आहे. टीकेचा भडिमार झाल्यावर भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं कंपनीनं मान्य केलं. कोणी 'लेदर सँडल' शोधलं, तर त्यात कोल्हापूर कुठून सापडणार? नाव गेलं की कारागिरापर्यंत जाणारी वाटच बुजते.

तेव्हा तुमच्या वस्तूच्या नावात 'वुडन बुल' जरूर लिहा, पण शेजारी 'तान्हा पोळा'ही लिहा, आणि तो काय असतो हे खाली दोन ओळींत सांगा. चेन्नईचा माणूस या वर्षी बैल शोधत येईल. पुढच्या वर्षी कदाचित तो 'तान्हा पोळा' टाइप करेल.