खुन्नस कोण लिहितं? रेसलिंगच्या शोआधीचं भांडण आणि आपला जत्रेतला फड

मागच्या आठवड्यात आष्टीकडच्या एका पोराची व्हॉइस नोट आली. "दादा, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं, मग तुम्ही चार-चार आठवडे त्यांची भांडणं काय बघत बसता?" प्रश्न बरोबर आहे. ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हे लिहून टाकतोय.

आधी सरळ सांगतो. हो, ठरलेलं असतं. निकालही ठरलेला आणि त्याआधीची खुन्नसही लिहिलेली. हे आता गुपितसुद्धा राहिलेलं नाही. 1989 साली कंपनीनेच (तेव्हा नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ) अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं कबूल केलं, की आमची ही करमणूक आहे. फार प्रामाणिकपणा उतू चालला होता असं नाही. खेळ म्हटलं की क्रीडा आयोगाचे नियम आणि कर मागे लागतात, म्हणून.

त्याच्या दोनच वर्षं आधी, त्याच राज्यात पोलिसांनी एक गाडी अडवली. आत हॅकसॉ जिम डुगन आणि आयर्न शेख. रिंगमध्ये एक अमेरिकेचा झेंडा नाचवायचा, दुसरा इराणचा. लोकांच्या लेखी कट्टर वैरी. आणि दोघं एकाच गाडीत! गाडीत नशेचे पदार्थ सापडले, पण वैरी सोबत फिरतात याचाच बोभाटा जास्त झाला.

आता ही भांडणं लागतात कशाला? आपल्या जत्रेचा फड आठवा. चैत्रात ऊसतोडीची माणसं गावी परतलेली असतात, हलगी कडाडते, आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. एखादा पठ्ठ्या हात वर करून फडाला चक्कर मारतो, जोड मागतो. मोठ्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असतात. पोस्टरवर दोन फोटो, खाली गाव, तालीम, वस्ताद आणि इनामाचा आकडा. बास. आपल्याला तेवढं पुरतं, कारण हा आपल्या गावचा, तो शेजारच्या गावचा. बाजू कुणाची घ्यायची हे आपण घरूनच ठरवून निघतो.

अमेरिकेतल्या टीव्हीसमोरच्या माणसाला गावही नाही आणि तालीमही नाही. त्याला बाजू घ्यायला कारण द्यावं लागतं. ते कारण दर आठवड्याला थोडं थोडं रचायचं, यालाच तिथं फ्यूड म्हणतात.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या, द ग्रेट खली. एप्रिल 2006 मध्ये हा हिमाचलचा दलीपसिंग राणा पहिल्यांदा टीव्हीवर आला आणि थेट अंडरटेकरवर तुटून पडला. नवा माणूस ओळखीचा करायचा तर कुणाला मारायचं? ज्याला कुणी हात लावत नाही त्याला. बोलण्याचं काम त्याच्या शेजारी उभा असलेला मॅनेजर दैवारी करायचा. खलीनं नुसतं बघायचं. मे महिन्यात जजमेंट डे शोमध्ये खली जिंकला, कारण तिथं अंडरटेकर जिंकला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. मग जुलैमध्ये बदल्यासाठी बांबूचा दुहेरी पिंजरा उभारला, नाव पंजाबी प्रिझन. खास खलीसाठी. आणि ऐनवेळी खलीच्या तब्येतीची अडचण निघाली. लिव्हरचे रिपोर्ट ठीक नव्हते. त्याच्या नावच्या पिंजऱ्यात बिग शो उतरला! लेखक निकाल लिहू शकतो, पण पैलवानाचं अंग त्याच्या हातात नसतं. आपटायचं ठरलेलं असलं तरी पाठ खरोखरच आपटते, म्हणून हे घरी गादीवर करून बघू नका. हे मी हसण्यावारी सांगत नाही.

आता आपल्याकडं या. जानेवारी 2023 ला पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य फेरीत महेंद्र गायकवाडच्या टांगेला गुण दिले आणि सिकंदर शेख हरला. त्या गुणांवरून मोबाईलवर नुसता धुरळा. तीच क्लिप थांबवून थांबवून प्रत्येक जण पंच झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरनं महाराष्ट्र केसरी जिंकली. रेसलिंगच्या लेखकानंही हीच गोष्ट लिहिली असती, पण ही कुणी लिहिली नव्हती. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. रेसलिंगमध्ये रेफ्रीला मारलं की पुढच्या आठवड्याची गोष्ट तयार होते. इथं तीन वर्षांची बंदी आली.

म्हणून "खोटं" हा शब्द मला रेसलिंगसाठी वापरावासा वाटत नाही. त्यासाठी आपल्याकडं वेगळा शब्द आहे, नुरा. मी एकदा एका जत्रेत शेवटची कुस्ती बघितली. दोघं वीस मिनिटं एकमेकांच्या मानेवर हात टाकून नुसते रेलले होते. शेवटी बरोबरीत सोडवली आणि इनाम अर्धं-अर्धं. आधी मागून कुणीतरी "नुरा!" म्हणून ओरडलं, मग सगळा फडच ओरडायला लागला. एक म्हातारे बाबा उठून पंचांपुढं गेले आणि म्हणाले, माझी वर्गणी परत द्या. इनामाचा पैसा घरटी गोळा केलेला होता, त्यात कोयत्यावर राबून आणलेला पैसाही होता.

आणि त्याच रात्री त्याच पोरांनी पारावर बसून मोबाईलवर रेसलिंग बघितलं, शिट्ट्या मारल्या. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. मोबाईलवरच्यांनी नाटक आहे हे सांगून पैसे घेतले होते. फडातल्यांनी खरी कुस्ती म्हणून पोस्टर छापलं होतं.

तर आष्टीच्या मित्रा, पुढच्या मोठ्या शोआधीचा शेवटचा एपिसोड बघशील, तेव्हा एवढंच बघ: मार खाऊन खाली कोण पडलंय? बऱ्याचदा मोठ्या शोमध्ये तोच जिंकतो, नेहमी नाही. आणि तुमच्या गावच्या जत्रेत यंदा शेवटची कुस्ती कुणाची नेमली होती, त्या पोस्टरचा फोटो पाठवा. जुनं असेल तर आणखी चांगलं.