पराभवानें घडविलेला गुरु

कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकांत दोन नाट्याचार्यांचा कलह आहे. त्यांच्यांत श्रेष्ठ कोण, याची परीक्षा त्यांच्या शिष्यांच्या प्रयोगावरून व्हावी असें तेथें ठरतें. विद्या अंगीं असणें निराळें आणि ती दुसऱ्याच्या अंगीं उतरविणें निराळें, हा भेद आपल्याकडे इतका जुना आहे. न्यूझीलंडांतील फ्रेड ॲलन यांच्या चरित्रांत याच भेदाचें एक ठळक उदाहरण क्रीडांगणावर पाहावयास मिळतें.

ॲलन यांचा खेळ रग्बी. तो आपल्याकडे फारसा रूढ नसल्यामुळें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. प्रत्येक पक्षांत पंधरा गडी, आणि चेंडू लंबगोल. तो हातीं घेऊन धांवतां येतें. परंतु हातानें पुढें फेंकतां येत नाहीं, सोबत्यास द्यावयाचा तर बाजूस किंवा मागेंच द्यावा लागतो. चेंडू घेऊन धांवणाऱ्यास प्रतिपक्षाचे गडी हुतूतूप्रमाणें धरून पाडतात. न्यूझीलंडांत हा खेळ राष्ट्राच्या अभिमानाचा विषय असून तेथील राष्ट्रीय संघ आपल्या काळ्या पोषाखामुळें ‘ऑल ब्लॅक्स’ या नांवानें ओळखला जातो.

ॲलन यांचा जन्म १९२० सालीं ओआमारू या गांवीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत ते सैन्यांत होते. युद्ध संपल्यावर लष्करी संघांतून ते ब्रिटनमध्यें खेळले आणि १९४६ सालीं राष्ट्रीय संघाचे कर्णधार झाले. पुढें १९४९ सालीं संघ घेऊन ते दक्षिण आफ्रिकेस गेले. त्या देशाच्या वर्णभेदापुढें मान तुकवून माओरी खेळाडूंना आधींच वगळण्यांत आलें होतें. पहिल्या कसोटींत न्यूझीलंड मध्यंतरास ११-३ असें पुढें होतें. परंतु गेफिन नांवाच्या खेळाडूनें दंडाच्या पांच लाथा अचूक मारल्या आणि सामना १५-११ असा गेला. दुसराही गेला. तेव्हां ॲलन यांनीं स्वतःसच संघांतून वगळलें. अखेर चारी सामने हरून संघ परतला. परतीच्या प्रवासांत त्यांनीं आपले बूट समुद्रांत फेंकून दिले असें सांगतात. वय अवघें एकोणतीस. पुन्हा ते राष्ट्रीय संघांत खेळले नाहींत.

१९५७ पासून ते ऑकलंड प्रांताच्या संघास शिकवूं लागले. रॅनफर्ली ढाल ही तेथील प्रांतांची मानाची खूण. ती ज्याच्याकडे असेल त्यानें आव्हान देणाऱ्याशीं झुंजावें, अशी रीत. ऑकलंडनें १९६० ते १९६३ या काळांत ती ओळीनें पंचवीस सामने राखली. १९६६ सालीं ॲलन राष्ट्रीय संघाचे शिक्षक झाले. त्याच वर्षीं ब्रिटन-आयर्लंडचा ‘लायन्स’ संघ चारी कसोट्या हरला. १९६७ सालीं इंग्लंड, वेल्स, फ्रान्स व स्कॉटलंड यांस त्यांच्या भूमीवर हरविलें. तीन वर्षांत चौदा कसोट्या झाल्या आणि चौदाही जिंकल्या.

हें कसें साधलें? निवळ अंगबळावर व लाथेवर भिस्त न ठेवतां पंधराही गड्यांनीं चेंडू हातोहात खेळवीत धांवावें, हा त्यांचा आग्रह. त्यासाठीं एकच कृति निर्दोष होईपर्यंत ते पुनःपुन्हा करवून घेत. कितीही नामांकित खेळाडू असो, चुकला कीं बोल ऐकावे लागत. म्हणून त्यांना ‘सुई’ असें टोपणनांव पडलें. त्यांचा धंदा कपडे तयार करण्याचा होता, हा एक मौजेचा योग! शिष्याची पारखही मोठी. कॉलिन मीड्ससारखा दिग्गज संघांत असतां १९६६ सालीं कर्णधारपद ब्रायन लोचोर या शेतकरी तरुणाकडे गेलें. याच लोचोरच्या शिकवणुकीखालीं न्यूझीलंडनें १९८७ सालीं पहिला विश्वचषक जिंकला.

१९६८ सालीं अपराजित असतांच ॲलन यांनीं पद सोडलें. संघटनेच्या अधिकाऱ्यांशीं त्यांचें जमेनासें झालें होतें. पुढें १९७० सालीं त्याच दक्षिण आफ्रिकेंत न्यूझीलंड ३-१ असें हरलें. ॲलन यांना सरकारनें ‘सर’ हा किताब दिला तो २०१० सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं. २०१२ सालीं ते निवर्तले.

घरांतील एखादा मुलगा परीक्षेंत आपटला, कीं त्याच्या नांवावर काट मारण्याची वडील मंडळींस घाई होते. ॲलन यांनीं बूट समुद्रांत टाकले, तरी त्या दौऱ्यांत मिळालेला धडा टाकला नाहीं. आणि तो धडा फळास येण्यास तब्बल सतरा वर्षें लागलीं, हें वडील मंडळींनीं विसरूं नये.