गळाचें शिसें आणि घरांतील मूल



खाडीच्या कांठीं गळ टाकून बसण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांना 'जिग' ही वस्तु काय, हें सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच सांगतों, कीं गळाच्या दांडीवर ओतलेला शिशाचा लहानसा गोळा म्हणजे जिग. त्याच्या वजनामुळें गळ दूर फेंकतां येतो, तळाशीं जातो, आणि दोरीला हिसका दिला कीं, जिवंत भक्ष्याप्रमाणें उसळतो. जिताड्यासारखा मासा त्याला भुलतो. परंतु हे जिग खडकांत अडकून वारंवार तुटतात, आणि दर वेळीं विकत घेणें परवडत नाहीं. म्हणून हौशी मंडळी घरींच शिसें वितळवून ते ओततात. कृति सोपी आहे, म्हणूनच तींतील धोक्यांकडे दुर्लक्ष होतें.

शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. घरच्या शेगडीवर हें सहज साधतें. वितळलेलें शिसें तांबडें लाल दिसत नाहीं; रुप्याच्या रसासारखें तें शांत असतें, आणि पाहणारा फसतो. त्यांत पाण्याचा एक थेंब सांपडला, तर त्याची तत्क्षणीं वाफ होते. या वाफेचें आकारमान पाण्याच्या सुमारें १६०० पट असतें. कोंडलेली ती वाफ तप्त धातु चहूंकडे उडविते. तरुणपणीं मीं दमट हवेंत पडून असलेला सांचा न तापवितां वापरला होता. रस ओततांच फटकन् आवाज झाला, आणि मनगटावर जो डाग पडला, तो आजही आहे. डोळा वाचला, हें केवळ दैव.

म्हणून सांचा, पळी, गळ व शिशाचे तुकडे पूर्ण कोरडे असावेत, आणि सांचा व पळी आधीं तापवून घ्यावींत. तुकडे थंड भांड्यांत घालून मग आंच लावावी. वितळलेल्या रसांत ओलसर तुकडा कधींही टाकूं नये. पावसाच्या दिवसांत हें काम करूंच नये. भांडें बिडाचें किंवा पोलादाचें घ्यावें; ॲल्युमिनियमचें आंचेवर मऊ पडून रस सांडण्याचें भय असतें. अंगांत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायांत बूट, हातांत चामड्याचे मोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा हवा. कृत्रिम धाग्याचें कापड वितळून कातडीला चिकटतें.

भाजल्याची जखम दिसते. दुसरा धोका मात्र दिसत नाहीं. रसावर जी राखाडी साय धरते, ती शिसें व प्राणवायु यांच्या संयोगानें बनते. ती काढतांना धूळ उडते. बोटांना, कपड्यांना व फरशीला बसते, आणि हातांवाटे तोंडांत जाते. आंच वाजवीपेक्षां वाढविली, तर विषारी धूरही निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें शिशाची निर्धोक अशी मात्राच ज्ञात नाहीं. पोटांत गेलेल्या शिशाचा जेवढा भाग मोठें माणूस शोषून घेतें, त्याच्या चार ते पांच पट भाग लहान मूल शोषून घेतें. गर्भवतीच्या रक्तांतून तें गर्भालाही पोंचतें. याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो; मुलाचें लक्ष लागत नाहीं, बुद्धि मागें पडते. अशा मुलास वर्गांत आळशी ठरविणें आम्हां मास्तरांना फार सोपें असतें!

यास्तव हें काम स्वयंपाकघरांत नव्हे, मोकळ्या अंगणांत, वारा पाठीशीं घेऊन करावें. मुलें व गर्भवती स्त्रिया जवळ नसाव्यात. नाकावर नुसता रुमाल बांधून भागत नाहीं. शिशाची धूळ व धूर अडविणारा मुखवटाच लागतो. साय झांकणाच्या डब्यांत ठेवावी, बागेंत किंवा केरांत टाकूं नये. जागा झाडूं नये. ओल्या फडक्यानें पुसावी. कपडे वेगळे धुवावेत, आणि हात साबणानें धुतल्यावांचून चहाचा पेलाही उचलूं नये. शिशाला लागलेलें भांडें पुन्हां अन्नास लावूं नये. दोरीवरची शिशाची गोळी दांतांनीं दाबून बसविण्याची संवय अनेकांना असते. ती आजच सोडावी. जुन्या विद्युत्घटांतील पाट्या तर वितळवूंच नयेत. त्यांत आम्ल व इतर विषारी द्रव्यें असतात.

ज्यांना अंगण नाहीं, त्यांनीं शिशाचा नाद सोडावा, हें उत्तम. ब्रिटनमध्यें गळाचीं शिशाचीं वजनें गिळून हंस मरूं लागले, तेव्हां १९८७ सालीं त्यांतील बहुतेक लहान वजनांची विक्री बंद करण्यांत आली. शिशाऐवजीं शुद्ध कथील वापरतां येतें. तें २३२ अंशांलाच वितळतें आणि त्यांत शिशाचें विष नसतें. तेवढ्याच वजनाचा गोळा मात्र सुमारें दीडपट मोठा होतो. भाजण्याचें भय त्यांतही आहे. म्हणून मोकळी जागा आणि कोरडेपणाचे नियम तेच पाळावेत.

मासा आज नाहीं, तर उद्यां लागेल. घरांत रांगणाऱ्या मुलाच्या मेंदूची हानि मात्र भरून निघत नाहीं. शेगडी पेटविण्यापूर्वीं एवढें ध्यानांत असूं द्यावें.